गलगंड, गॉयटर आणि मिठाची पुडी

'आयोडीनच्या अभावामुळे ______ हा रोग होतो.' रिकाम्या जागेत गलगंड लिहून एक मार्क खिशात घातला नाही असा मराठी मिडीयमवाला सापडायचा नाही. गलगंड झालेला माणूस मात्र आमच्यापैकी कोणी बघितलेला नसायचा, पुस्तकातलं चित्र तेवढं बघितलेलं.

आता घरोघरी 'मला थायरॉईड आहे' ऐकू येतं (अहो तो सगळ्यांनाच असतो, नसला तर प्रॉब्लेम!) आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर गॉयटर दिसलं की माणसं हादरतात. खरं तर गॉयटर म्हणजे आपला गलगंडच, गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आकाराने वाढलीय, बस. का वाढली, ते हा शब्द सांगतच नाही. हार्मोन कमी असताना गॉयटर असतो, जास्त असताना असतो आणि रिपोर्ट एकदम नॉर्मल असतानाही असतो, त्यामुळे नुसत्या नावावरून घाबरण्यात काही अर्थ नाही, पुढच्या तपासण्या होऊ द्याव्यात.

शब्दाचं मूळ तर अगदीच साधं निघालं. लॅटिनमध्ये गुटूर म्हणजे घसा, तिथून फ्रेंचमध्ये ग्वात्र आणि मग इंग्रजीत गॉयटर. आपला गलगंड त्यापेक्षा नेमका म्हणायला हवा, गल म्हणजे गळा आणि गंड म्हणजे गाठ, फुगवटा. न्यूनगंड, अहंगंड मधला गंड तोच, फक्त तो फुगवटा मनातला, सोनोग्राफीत दिसत नाही. सुश्रुतसंहितेत गलगंडाची व्याख्या आहे ती वाचून मी मोठ्यानेच हसलो: गळ्यात वृषणासारखी लोंबणारी सूज, मग ती लहान असो की मोठी, तिला गलगंड म्हणावं. आमच्या बाईंनी हे वर्गात सांगितलं असतं तर जन्मात विसरलो नसतो.

आयोडीन नसलं की ही ग्रंथी का वाढते तेही शाळेत कोणी सांगितलं नाही. थायरॉईडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं, ते मिळेना की हार्मोन कमी पडतो, मग मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच नावाचा हुकूम देणारा हार्मोन सोडत बसते, माल काढ माल काढ म्हणून, आणि इकडे कच्चा मालच नाही तर कारखाना बिचारा शेडवर शेड वाढवत सुटतो. तो वाढलेला कारखाना म्हणजे गलगंड. समुद्रापासून लांब डोंगराळ भागात, जिथे पावसापाण्याने मातीतलं आयोडीन वाहून गेलंय, तिथे हे गावंच्या गावं दिसायचं. आल्प्सकडे बव्हेरिया-ऑस्ट्रियात बायका गळ्याला घट्ट पट्टा बांधायच्या, क्रोप्फबांड, आणि क्रोप्फ म्हणजे गलगंडच! झाकायची वस्तू पुढे दागिना झाली.

आयोडीन सापडलं 1811 मध्ये, फ्रान्समधल्या कूर्त्वा नावाच्या रसायनतज्ज्ञाला, समुद्री शेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ निघाली तेव्हा. 1820 मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरने ते गलगंडावर वापरलं. मिठातून द्यायला मात्र स्वित्झर्लंडमध्ये 1922 उजाडलं, म्हणजे औषध माहीत असून शंभर वर्षं गेली, कमाल आहे. आपल्याकडे 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागात आयोडीनचं मीठ दिलं, एका भागात साधंच ठेवलं. आयोडीनवाल्या भागात गलगंड झपाट्याने कमी झाला. 1962 मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

आणि आता, इतकं सगळं झाल्यावर, गुलाबी सैंधव 'नॅचरल' म्हणून बाराही महिने घरात. उपासाला खा की, कोण नको म्हणतंय, पण त्यात आयोडीन नावापुरतंच असतं, आणि साध्या मिठाच्या पुडीत घरी येईपर्यंत निदान 15 पीपीएम (दहा लाख भागांत 15 भाग) असावंच लागतं असा नियम आहे. दोन्ही पुड्या शेजारी ठेवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लागेल.