सपार उतरवलं, तेव्हा

मे महिन्यात गावाकडचं आमचं जुनं सपार उतरवलं. घर नाही म्हणायचं कोणी, सपारच. कुडाच्या भिंती, वर पाचट, आत दोन खणांची जागा. पाचट आणि वासे अर्ध्या दिवसात खाली आले, कूड तर लाथेनेच पडला, आणि मेढी, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी खांब, उपटल्यावर जमिनीत नुसती गोल गोल भोकं उरली. चुलीच्या जागी माती विटेसारखी लाल झालेली. कडेला जमीन तुटली होती तिथे सारवणाचे पापुद्रे दिसत होते, मी नखाने एकेक सोडवत बसले, चौदापर्यंत मोजले आणि कंटाळले. आई म्हणाली, "सणावाराला सारवायचो गं, मोजतेस काय!"

मला आठवलं ते इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्ववाल्यांनी तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी मोठी मंडळी होती त्यात. शंभराहून जास्त घरं सापडली, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. पण घरं म्हणजे काय सापडलं, तर हेच! मेढींचे खड्डे, चोपलेली जमीन, चुली, आणि चार सपाट दगड, ज्यांच्यावर धान्याचा रांजण ठेवायचे. धान्यासाठी जमिनीत पेवंही होती, तेच ते 'पेव फुटलं' मधलं पेव. आणि जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आत लहान मूल पुरलेलं. घरातच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणखी एक गंमत. मला आपलं वाटायचं की गोल झोपडी आधीची आणि चौकोनी घर नंतरचं, सुधारलेलं. इनामगावात उलटं आहे. आधीची घरं मोठी, लांबट चौकोनी, एक तर पाच खोल्यांचं, ते गावच्या मुखियाचं असावं म्हणतात. इ.स.पू. १०००च्या सुमारास मात्र लहान गोल झोपड्या दिसायला लागतात. ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊस कमी झाला, शेती बसली, लोक गरीब झाले आणि जनावरं घेऊन फिरायला लागले. मला हे पटतं, कारण आमच्याकडे दुष्काळात सगळ्यात आधी घराचीच डागडुजी थांबते, पाचट बदलायचं राहून जातं.

तर, सपाराच्या जागी आता खोली होतेय. भोकं मुरूम टाकून बुजवली, वर शहाबादी फरशी येणार. मेढी बाभळीच्या, अजून टणक आहेत म्हणून काकांनी त्यातल्या तीन गोठ्याला लावल्या आणि चौथी, जी खाली कुजलेली होती, ती बंबात गेली.