घर नदीच्या अलीकडे की पलीकडे? बडोदा-अमदावाद अपडाऊनवालीचा अनुभव

अडीच-तीन वर्षं झाली, मी बडोदा-अमदावाद अपडाऊन करतेय. इकडे रोज गाडीनं नोकरीला जाणाऱ्याला अपडाऊनवालाच म्हणतात, मुंबईसारखं दर चार मिनिटाला लोकल वगैरे काही नाही, शंभर किलोमीटर जायचं आणि शंभर किलोमीटर यायचं, गाडी चुकली की अर्धा दिवस गेला. लोक विचारतात कसं जमतं, तर जमतं, पास काढलेला असतो, डब्यातल्या बायका ओळखीच्या झाल्यात, आणंद येईपर्यंत कुणाची मेथी निवडून होते, कुणाची झोप होते. अवघड काय असेल तर ते गाडीत बसल्यानंतरचं नाही, घरातून निघून गाडीत बसेपर्यंतचं. पण हे मला घर शोधायला लागल्यावर कळलं, आधी नाही.

आम्ही भाड्यानं कारेलीबागेत राहायचो, तळमजल्याचं टेनामेंट, पुढे छोटंसं अंगण, आईंना (सासूबाई, पण मी आईच म्हणते) ते अंगण फार आवडायचं. 2024 च्या ऑगस्टमध्ये जन्माष्टमी 26 तारखेला होती. आईंनी सुंठवडा करून ठेवला होता आणि बाहेर पाऊस थांबायचं नावच घेईना. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी कालाघोडा पुलापाशी 26 फूट, त्या वेळी ती 35 च्याही वर गेली. आमच्या गल्लीत पाणी आधी गटारातून उलटं आलं, मग फाटकातून, मग घरात. आम्ही मुलाला आणि आईंना घेऊन वर घरमालकांकडे गेलो आणि जिन्यावरून खाली बघितलं तर फ्रीज आडवा होऊन तरंगतोय आणि त्याच्याभोवती सुंठवड्याचा स्टीलचा डबा गोल गोल फिरतोय. झाकण घट्ट बसलेलं होतं. तीन दिवसांनी पाणी उतरल्यावर उघडला तर आत सुंठवडा कोरडा! आई म्हणाल्या घ्या, देवाचा प्रसाद आहे, पण खायची कुणाची हिंमत झाली नाही. नदीतली मगर बिगर काही आली नाही बाबा आमच्याकडे, पण त्या आठवड्यात मोबाईलवर जे व्हिडिओ फिरत होते ते बघून मुलगा रात्री बाथरूमला एकटा जायला तयार नव्हता.

गाळ काढता काढताच ठरलं, आता स्वतःचं घ्यायचं आणि तळमजला नाही. एवढं ठरवायला दहा मिनिटं लागली, कुठं घ्यायचं हे ठरवायला आठ महिने.

पहिला सल्ला अर्थातच सगळ्यांनी हा दिला की अमदावादलाच जा ना, नोकरी तिकडे तर घर तिकडे. बोलायला सोपं. नवऱ्याची नोकरी बडोद्यातच, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), म्हणजे एकाचं अपडाऊन वाचवायचं तर दुसऱ्याचं सुरू. मुलगा सहावीत. आणि आईंचं दर गुरुवारी दांडिया बाजारात भजन असतं, त्यांची बहीण तिथंच राहते, डॉक्टर तिथले, जुन्या शेजारणी तिथल्या. त्या म्हणाल्या, मला कुठंही न्या पण बडोद्याबाहेर नेऊ नका. नवरा म्हणाला आई, 'कुठंही'चा अर्थ बदललास तू. विषय संपला.

मग नवऱ्याच्या डोक्यात आणंद आलं. नकाशावर आणंद फार छान दिसतं, बडोद्याहून पस्तीस किलोमीटर, माझा एक तृतीयांश प्रवास वाचला आणि त्याला पस्तीसच किलोमीटर. आम्ही एका रविवारी गेलो पण, आणंदला लागून असलेल्या विद्यानगरच्या रस्त्यांवरची झाडं बघितली, शांत गाव, भावही बरे, मला तर आवडलं होतं. परत येताना गाडीत त्यानंच हिशोब मांडला की त्याला आणंद स्टेशन गाठायचं, मेमू पकडायची, बडोद्याला उतरून पुन्हा मकरपुऱ्यापर्यंत जायचं, म्हणजे दोघंही सकाळी साताच्या आत घराबाहेर आणि मुलाला ताप आला तर शाळेत कोण जाणार, आई? नव्या गावात? आत्ता निदान एक माणूस गावात असतो. घरातलं कुणीतरी एक अर्ध्या तासात शाळेत पोचलं पाहिजे, हा नियम त्या दिवशी ठरला आणि पुढे खूप कामाला आला.

त्यानंतर वासणा-भायली, बडोद्याच्या पश्चिमेची नवी वस्ती. आमच्या ओळखीतले निम्मे लोक तिकडे गेलेत, नवीन बिल्डिंगा, क्लबहाऊस, रुंद रस्ते. दलालानं रविवारी दुपारी दाखवलं आणि म्हणाला, "बेन, बुलेट ट्रेन आवे एटले वीस-पच्चीस मिनिटमां अमदावाद." बुलेट ट्रेनचं स्टेशन आपल्या चालू स्टेशनलाच लागून होतंय हे खरं, खांब उभे आहेत, मी रोज बघते. पण ती येईल तेव्हा येईल, आणि तिचा पास आपल्याला पोसवेल का हे तो दलाल सांगणार नाही. शिवाय फ्लॅट साडेअकराशे फुटाचा म्हणून सांगितला तो सुपर बिल्टअप, कार्पेट विचारला तर साडेसहाशेच्या आसपास, बाकीचं लिफ्ट, जिना, लॉबी, क्लबहाऊस. म्हणजे मी हप्ते भरणार त्या स्विमिंग पूलचेसुद्धा ज्यात पोहायला मी रविवारशिवाय घरी नसणार. तिथं अजून बीयू (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायची) परवानगी नव्हती आली, म्हणजे जीएसटी पण वरून.

तरी मन ओढत होतंच. म्हणून मी एका मंगळवारी सकाळी सहा वाजता उठून त्या बिल्डिंगच्या गेटपासून स्टेशनपर्यंत अॅक्टिवा चालवून बघितली. नवरा हसला, पण मला वाटतं घर घेताना आम्ही केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच. रविवारी दुपारी सगळी घरं चांगली दिसतात. सहा वाजता कळलं की त्या नव्या रस्त्यावर लाइट नाहीत, कुत्री आहेत, रिक्षा एक नाही. स्टेशनला पोचले, पार्किंग शोधलं, प्लॅटफॉर्मवर आले, सगळे धरून पस्तीस मिनिटं, आणि थंडीत हेच अंधारात.

एक्सप्रेसवेचाही प्रयोग केला. अमितनगर सर्कलवरून अमदावादला शटल गाड्या सुटतात, म्हटलं हरणी बाजूला घर घेतलं तर गाडीचं टाइमटेबल नको. मी आठ दिवस तशी जाऊन बघितलं. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, शेवटची सीट भरेपर्यंत ड्रायव्हरभाई "चालो अमदावाद, अमदावाद" ओरडत राहतो आणि आपण आत घड्याळ बघत बसायचं. एक्सप्रेसवे 93 किलोमीटर, रिकामा असला तर सुसाट, पण तो सोडतो सीटीएमला, शहराच्या पूर्वेच्या टोकाला. माझं ऑफिस कॉमर्स सिक्स रोडला. उलट ट्रेन कालुपुरला, म्हणजे अमदावादच्या मुख्य स्टेशनला, उतरवते आणि तिथंच खाली मेट्रो, पाच स्टेशनं, शाहपूरनंतर मेट्रो वर येते आणि साबरमती दिसते, दिवसातली माझी ती दोन मिनिटं. आठव्या दिवशी मागच्या सीटवर चौथी बसवली तेव्हा मी ट्रेनवाली ती ट्रेनवालीच हे नक्की झालं.

म्हणजे आता प्रश्न एवढाच उरला की बडोद्यात, पण स्टेशनला कसं पोचायचं. आणि इथं बडोद्याचं भूगोल मध्ये येतं. स्टेशन नदीच्या पश्चिमेला. जुनं शहर, कारेलीबाग, वाघोडिया रोड नदीच्या पूर्वेला, म्हणजे स्टेशनला यायला पूल ओलांडा, आणि पुरात कालाघोड्याचा पूल बंद. पश्चिमेला राहायचं तर रेल्वेलाइनच्या कुठल्या बाजूला हे बघा, कारण अलकापुरीच्या गरनाळ्यात दोन सरी आल्या की पाणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गरनाळं म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता, आणि अलकापुरीचं गरनाळं भरलं ही बडोद्यात पाऊस सुरू झाल्याची अधिकृत बातमी. तर माझी अट झाली, नदी नको, गरनाळं नको. दलालांना मी हे सांगितलं की ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे जसं काही वास्तूवाल्यानं सांगितलंय.

तरी मध्येच समा बाजूला एक फ्लॅट बघितला, कारण स्वस्त होता आणि हवेशीर होता. दुसरा मजला. दलाल म्हणाला, "अहिंया पाणी आवे ज नही." वर सगळं ठीक. खाली पार्किंगमध्ये आले तर भिंतीला छातीपर्यंत नवा रंग, त्याच्या वर जुना. आणि लाइटचे मीटर! सगळीकडे हाताला येतील असे असतात, इथं माणसाच्या डोक्याच्याही वर, रीडिंग घ्यायला स्टूल लागेल असे. जुन्या जागी भिंतीत खिळ्यांची भोकं तशीच होती. दलाल फोनवर बोलत होता तेवढ्यात वॉचमनकाकांना विचारलं, काका ऑगस्टमध्ये कुठवर आलं होतं? ते काही बोलले नाहीत, फक्त स्वतःच्या छातीवर आडवा हात ठेवला. त्या दिवसापासून मी किचन बघायच्या आधी मीटर बघते.

निझामपुराही बघितलं, नदी नाही गरनाळं नाही, पण तिथून भूखी कांस (पावसाळी नाला) जाते आणि आम्हाला दाखवलेली गल्ली नेमकी तिच्याच अंगाला होती.

शेवटी मिळालं ते सुभानपुऱ्यात, अलकापुरीच्याच बाजूला, म्हणजे मध्ये ना नदी ना गरनाळं. जुनी सोसायटी, अठरा वर्षांची, पहिला मजला, लिफ्ट नाही पण आईंना सोळाच पायऱ्या. (त्यांनी स्वतः मोजल्या, मग म्हणाल्या चालेल.) टूबीएचके, रंग उडालेला, संडासाची टाइल फुटलेली, नवऱ्याला अजिबात आवडलं नाही. मीटर हाताला येतील असे. समोरच्या किराणावाल्याला, रिक्षावाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारलं, तिघांनी एकच सांगितलं की रस्त्यावर घोट्याइतकं येतं आणि तासाभरात जातं. सहा वाजताची अॅक्टिवा, गेटपासून अलकापुरी बाजूच्या प्लॅटफॉर्मपर्यंत चौदा मिनिटं. नवऱ्याला मात्र आता मकरपुऱ्याला जायला आधीपेक्षा वीस मिनिटं जास्त आणि अकोटा-दांडिया बाजार पुलावरून जावं लागतं. यावर आमचं दोन दिवस भांडण झालं, खोटं कशाला सांगू. त्याचं म्हणणं सगळं तुझ्या गाडीच्या टाइमवर का. माझं म्हणणं तुझी कंपनी जागची हलत नाही, माझी गाडी हलते. शेवटी तो म्हणाला, नदी कुणीतरी ओलांडणारच आहे तर मी ओलांडतो. पण पार्किंगमधली सावलीची जागा त्याच्या बाइकला, हे लिहून घेतलं.

कागदांबद्दल थोडं. दस्तावेज एकट्या माझ्या नावावर केला, गुजरातमध्ये बाईच्या नावावर असेल तर एक टक्का नोंदणी फी माफ आहे, स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के मात्र भरायचीच. अडतीस लाखांवर अडतीस हजार वाचले, त्यात संडासाच्या टाइल झाल्या. लोनमध्ये नवरा को-अॅप्लिकंट, त्याला हरकत नव्हती, त्याच्या काकांना होती. रिसेल असल्यामुळे जीएसटी नाही. एका बँकेनं फाइल सहा आठवडे ठेवून घेतली आणि मग सांगितलं जुना बीयूचा कागद अस्सल नाही, झेरॉक्स आहे. मालकाला अस्सल सापडेना. कॉर्पोरेशनमधून सही-शिक्क्याची नक्कल काढायला नवऱ्यानं तीन सुट्ट्या घातल्या आणि तीच नक्कल दुसऱ्या बँकेनं लगेच घेतली. बानाखत (साठेखत) करायच्या आधी हा एक कागद हातात घेऊन बघा, बाकीचे वकील बघतो. वेऱ्याचं (घरपट्टीचं) बिल आणि सोसायटीचं ना-बाकी पत्र पण आधीच मागा, आमच्या मालकांची मेंटेनन्सची दोन वर्षांची बाकी निघाली, ती रकमेतून कापली.

30 एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, आत आलो. मुलाची शाळा तीच ठेवली, व्हॅन बदलली. आई गुरुवारी रिक्षानं भजनाला जातात, परतताना नवरा ऑफिसमधून येताना त्यांना मागे बसवून आणतो, म्हणजे तो पूल त्याला तसाही पडतो. सुंठवड्याचा तोच डबा आता वरच्या फळीवर असतो, का कोण जाणे पण आई तो खाली ठेवूच देत नाहीत.

पावसाळ्यात एक दिवस रात्रभर झोडपून काढलं. सकाळी साडेपाचलाच गाडीच्या डब्यातल्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज सुरू, गरनाळं भरलं, फतेहगंजवरून फिरून या, माझी रिक्षा बंद पडली, मी आज सुट्टी. मी अॅक्टिवा न घेता छत्री आणि रेनकोट घालून निघाले, रस्त्यावर घोट्याइतकंच पाणी, किराणावाला खरं बोलला होता. रेसकोर्सपाशी रिक्षा मिळाली, अलकापुरी बाजूनं सरळ आत, गाडीच्या वीस मिनिटं आधी प्लॅटफॉर्मवर. नवऱ्याला फोटो पाठवला, बघ, कोरडी.

तेवढ्यात अनाउन्समेंट झाली, गाडी एक तास चाळीस मिनिटं लेट.