आमची वाटचाल : मसाल्याचा धंदा आणि मोबाईलवरचे व्हिडिओ

सासूबाई नागपुरात महाल भागातल्या घरी शेजारपाजारच्या बायकांना तिखट-हळद कांडून द्यायच्या, तिथून आमचं सुरू झालं, मग कुटायचं डंका मशीन आलं, मग परवाना, आता भिवापूरची मिरची, वायगावची हळद, सावजी मसाला असं सगळं पाकिटात जातं. आधी गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि तिखट किती जहाल आहे ते, बस. 2015 ला नूडल्समध्ये शिसं असल्याची बातमी सगळीकडे फिरली तेव्हापासून लोक पाकीट उलटं करून वाचायला लागले, आणि ते चांगलंच झालं, मला तर आवडतं कोणी 14 आकडी परवाना नंबर बघितला की.

पण आता रोज व्हॉट्सॲपवर घरच्या घरी भेसळ ओळखायचे व्हिडिओ, हळद साबणाने लाल झाली की भेसळ म्हणे. एका काकूंनी साडीचा फोटो पाठवला, हळदीचा डाग साबण लावल्यावर लालभडक झाला, "ताई, काय टाकता जी तुम्ही यात?" मी त्यांना दुकानात बोलावलं, आमचं हळकुंड त्यांच्यासमोर कुटलं आणि चिमूटभर चुना लावला, झालं लाल! अहो कुंकू असंच तर बनवत आले आपल्याकडे, हळद आणि चुना, साबणातही तसाच खार असतो म्हणून डाग लाल होतो. भेसळ वेगळी, मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट असले पिवळे रासायनिक रंग, ती खरंच वाईट, पण ती साबणाने नाही कळत, खात्री लॅबमध्येच होते. वायगावच्या हळदीचं तर अजून अवघड, ती मुळातच गडद, आणि रीलमध्ये सांगतात गडद म्हणजे रंग टाकलेला. त्याच मोबाईलवर रेसिपी बघायची, रस्सा तसाच लाल पाहिजे म्हणायचं आणि तिखट लाल दिसलं की घाबरायचं, मग मसालेवाल्याने करायचं काय सांगा.

एप्रिल 2024 ला हाँगकाँग आणि सिंगापूरने आपल्याकडच्या काही पॅकबंद मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडमुळे कारवाई केली, तेव्हा तर फोन थांबेचनात. जंतू मारायला वापरतात तो वायू आहे, आम्ही तो वापरत नाही, पण नुसतं तोंडाने सांगून कोण ऐकणार, म्हणून कच्चा माल लॅबला पाठवला, रिपोर्ट काउंटरवर लावला.

खूप जण तेव्हापासून म्हणतात पाकीट नकोच, सुटं द्या, सुटं शुद्ध असतं. नियम तर उलटा आहे, दळलेला मसाला सुटा विकताच येत नाही, पॅक करूनच विकायचा.

मला जी काळजी वाटते ती कोणी विचारतच नाही. मिरची नीट वाळली नाही, पोत्यात ओल राहिली की बुरशी धरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, लिव्हरला घातक, दळल्यावर ना दिसत ना वास येत, भाजलं तरी पूर्ण जात नाही. ग्लासभर पाण्यात टाकून दाखवता येत नाही म्हणून त्याचा व्हिडिओ फिरत नाही. तिखटात ओलावा 11 टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे, म्हणून कळमन्याच्या बाजारात माल घेतानाच आम्ही मीटर लावतो, ओली निघाली तर सौदा मोडतो, व्यापारी भाऊ चिडतात, चिडू देत. यंदापासून अफ्लाटॉक्सिनची टेस्ट पण सुरू केलीय, त्यामुळे किलोमागे भाव थोडा वाढलाय. रिपोर्ट बॅच नंबर टाकून मागा, पाठवते, नाही समजला तर फोन करा, समजावून सांगते.