भट्टीचा थर्मोकपल आणि मिलिव्होल्टांचा हिशेब

सोलापुरी शेंगाचटणीत लसूण आणि तिखट यांच्याइतकेच महत्त्व दाणे कसे भाजले गेले याला असते. माझ्या मावशीचा सोलापूरच्या पूर्व भागात या चटणीचा घरगुती व्यवसाय आहे आणि दाणे भाजण्यासाठी तिच्याकडे गॅसवर तापणारा, मोटरने फिरणारा पत्र्याचा ड्रम आहे. तिला दाण्याच्या वासावरून भाजणी कळते; परंतु ती परगावी गेली की कामावरच्या मुलींच्या हातून एखादा घाणा करपतोच. म्हणून ड्रममधल्या दाण्यांचे तापमान ठळक आकड्यांत दाखवणारे एक साधे यंत्र आर्डुइनो ऊनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर बनवून देण्याचे मी कबूल केले. मायक्रोकंट्रोलरचा भाग सोपा होता आणि तो झटकन झाला. खरी परीक्षा घेतली ती सेन्सर आणि आर्डुइनो यांच्या मध्ये बसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरने.

सेन्सर म्हणून के प्रकारचा थर्मोकपल घेतला होता. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडून ते टोक तापवले की दुसऱ्या बाजूला सूक्ष्म व्होल्टेज मिळते, हा सीबेकने 1821 साली नोंदवलेला परिणाम त्यामागे आहे. के प्रकारात हे व्होल्टेज दर अंशामागे सुमारे 41 मायक्रोव्होल्ट भरते; म्हणजे दाणे 160 अंशांवर असले तरी हाती येते ते जेमतेम पाच-सहा मिलिव्होल्ट. ते वाढवण्यासाठी एलएम358 या चिपमधल्या एका ऑपअ‍ॅम्पवर 100 किलोओहम आणि 1 किलोओहम अशा दोन रेझिस्टरांनी 101 पट गेन, म्हणजे वाढ, ठेवली, आर्डुइनोचा अंतर्गत 1.1 व्होल्टचा संदर्भ, म्हणजे मोजमापाची वरची मर्यादा, वापरला, आणि थर्मोकपल फक्त दोन टोकांमधला फरक सांगत असल्यामुळे थंड टोकाचे तापमान मोजण्यासाठी बोर्डावर एलएम35 हा तापमान मोजणारा सेन्सर बसवला. या मांडणीत एका अंशाला सुमारे चार मिलिव्होल्ट मिळतात आणि व्होल्टेजचा आकडा बनवणाऱ्या आर्डुइनोच्या 10 बिट एडीसीच्या दृष्टीने ते पुरेसे आहे.

मॅक्स6675 चे तयार मॉड्यूल घेतले असते तर यातले बरेच काही टळले असते, हे मला ठाऊक होते. त्यात अ‍ॅम्प्लिफायर, थंड टोकाची भरपाई आणि 12 बिट एडीसी एकाच चिपमध्ये असतात आणि घाईच्या कामासाठी मी आजही तेच सुचवीन. पण आकडा चुकला की तो नेमका कोणत्या पायरीवर चुकला हे पाहण्याची सोय त्या बंद चिपमध्ये नसते, आणि मला ते पाहायचे होते. ती हौस पुढे पुरेपूर फिटली.

भट्टी पेटवण्याआधी, सकाळच्या बत्तीस अंशांच्या हवेत, डिस्प्लेवर 83 आला. भट्टी लावल्यावर आकडा वर चढला खरा, पण कधी पंधरा-वीस अंशांनी उड्या मारत, आणि दुपारनंतरच्या घाण्यांत तो हळूहळू खाली उतरू लागला. ही एका दोषाची लक्षणे नसणार हे उघड होते. म्हणून सगळे एकदम सुधारण्याच्या नादी न लागता सेन्सरच्या बाजूने एकेक गोष्ट काढून बघायची, असे ठरवले.

पहिली तपासणी म्हणजे थर्मोकपल पूर्ण काढून अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट तारेच्या तुकड्याने ग्राउंडला जोडणे. इनपुट शून्य म्हणजे आउटपुटही शून्यच हवे. मल्टिमीटरने मात्र 0.21 व्होल्ट दाखवले. त्याला 101 ने भागले की 2.1 मिलिव्होल्ट येतात आणि तेवढे व्होल्टेज म्हणजे थर्मोकपलच्या भाषेत 51 अंश. बत्तीस आणि एक्कावन्न मिळून त्र्याऐंशी; सकाळच्या आकड्याचा हिशेब तिथेच जुळला. यात चिप खराब नव्हती. एलएम358 च्या डेटाशीटमध्ये इनपुट ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाही आत धरली जाणारी चूक, साधारण 2 आणि जास्तीत जास्त 7 मिलिव्होल्ट दिलेला असतो, म्हणजे ती आपल्या लायकीप्रमाणेच वागत होती. त्याच चिपमधला दुसरा ऑपअ‍ॅम्प वापरून पाहिला, तर तिथे ऑफसेट उलट्या दिशेचा निघाला, आणि हा प्रकार अधिक फसवा होता: आउटपुट शून्याखाली जाऊ शकत नसल्यामुळे टोक सुमारे तीस अंश तापेपर्यंत आकडा जागचा हलतच नव्हता. असे सर्किट कोणी पाहिले तर थर्मोकपलच मेला आहे असे समजेल.

थर्मोकपल जिवंत आहे की नाही हे ओळखण्याची खूणही याच सर्किटात सापडते. तार आत कुठे तुटली, तर एलएम358 च्या इनपुटमधून बाहेर पडणाऱ्या किंचित प्रवाहाला जायला वाट उरत नाही, इनपुट वर ओढला जातो आणि आउटपुट पुरवठ्याच्या खाली सुमारे दीड व्होल्टवर, म्हणजे 5 व्होल्टवर चालणाऱ्या चिपमध्ये साडेतीन व्होल्टच्या आसपास, जाऊन बसते. एडीसीचा आकडा सतत 1023, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेवर, दिसला की कोड उघडण्याआधी तार तपासावी. तारांच्या रंगांवरही विसंबू नये. अमेरिकी पद्धतीत के प्रकाराची लाल तार ऋण असते आणि पिवळी धन, तर आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण असते. लाल म्हणजे धन ही आपल्याकडची सवय इथे उपयोगाची नाही. मी जोडणी करण्यापूर्वी दोन्ही तारांना चुंबक लावून पाहिला. जी ओढली जाते ती ॲल्युमेलची, म्हणजे ऋण.

उड्यांचे कारण शोधायला महावितरणचा खंड कामी आला. एका संध्याकाळी लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालत होता, आणि स्क्रीनवरचे आकडे एकाएकी असे स्थिर झाले की मला आधी प्रोग्रॅम अडकला असे वाटले. लाइट आली आणि नाच पुन्हा सुरू झाला. भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत, म्हणून संशय आधी तिकडे गेला. दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन मागवाल्यांना म्हटले, "अण्णा, पाच मिनिटं माग बंद ठेवता का?" ते हसून म्हणाले, "ठेवतो की. काल लाइट गेली तेव्हाच बघून घ्यायचं नव्हतं का?" माग थांबल्यावर मोठ्या उड्या गेल्या, पण बारीक थरथर तशीच राहिली, म्हणजे मागाच्या मोटरी चालू-बंद होण्याचा त्रास वेगळा होता आणि वायरिंगमधल्या 50 हर्ट्झचा वेगळा.

इथे एक बारकावा आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. शेकडो रीडिंगची सरासरी घेतली की 50 हर्ट्झची गुणगुण आपोआप पुसली जाईल, असे आपण धरून चालतो. ही लहर शून्याच्या वर-खाली सारखी हलत असेल तरच ते खरे ठरते. एकाच पुरवठ्यावर चालणाऱ्या ऑपअ‍ॅम्पमध्ये खालचा अर्धा भाग शून्याशी कापला जातो, उरतो तो वरचा, आणि सरासरी काढली की गोंगाटच तापमान म्हणून मोजला जातो. त्यामुळे हा गोंगाट सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचण्याआधीच मारणे भाग होते. थर्मोकपलच्या तारांना पीळ दिला आणि 100 किलोओहमच्या फीडबॅक रेझिस्टरला समांतर 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, ज्यामुळे सुमारे 1.6 हर्ट्झच्या वरचा गेन घसरत जातो आणि 50 हर्ट्झला तो शंभरावरून तीन-चारवर येतो. दाणे काही एका सेकंदात तापत नाहीत; त्यामुळे या संथपणाचे काहीच नुकसान नव्हते. त्यानंतर सरासरी 100 मिलिसेकंदांची, म्हणजे बरोबर पाच पूर्ण आवर्तनांची, घेतली.

एवढे करूनही लॅपटॉपचा चार्जर लावला की आकडा सरकत असे. मल्टिमीटर बझरवर (दोन टोके विजेने जोडलेली असली की वाजतो) ठेवून एक टोक प्रोबच्या स्टीलच्या नळीला आणि दुसरे तारेला लावले, आणि बझर वाजला. नळीच्या आत थर्मोकपलचे टोक धातूलाच वितळवून जोडलेले होते. नळी ड्रमच्या सांगाड्याला टेकलेली, सांगाडा मोटरच्या अर्थिंगला जोडलेला, आणि चार्जरमार्फत लॅपटॉपही अर्थला. अशा रीतीने अर्थचा वळसा पूर्ण होऊन त्यातला प्रवाह आमच्या मिलिव्होल्टांच्या तारेतूनच फिरत होता. नवी पेठेतल्या दुकानदाराला टोक नळीपासून अलग असलेला प्रोब मागितला आणि तो तिथेच बझर लावून पाहून घेतला. अशा प्रोबला तापायला किंचित जास्त वेळ लागतो, पण माझ्या कामासाठी तोच योग्य होता.

आता उरला तो दुपारी उतरणारा आकडा, आणि तो मावशीच्या नजरेतून सुटला नव्हता. "दाणे तर सकाळसारखेच भाजले गेलेत," ती म्हणाली, "आणि तुझं यंत्र बारा अंश कमी सांगतंय. मी दाण्याचं ऐकू का तुझ्या यंत्राचं?" दाण्याचेच ऐक, असे सांगून मी भट्टीच्या धगीत स्टूल मांडून बसलो. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नये. या उष्णतेने दोन गोष्टी बिघडू शकत होत्या: ऑपअ‍ॅम्पचा ऑफसेट तापमानाबरोबर सरकणे किंवा थंड टोकाचे तापमान चुकीचे मोजले जाणे. इनपुट पुन्हा ग्राउंडला जोडून पाहिला, तर सकाळच्या तुलनेत आउटपुट सुमारे 11 मिलिव्होल्टांनी सरकले होते. दर अंशाला सुमारे 7 मायक्रोव्होल्ट या डेटाशीटमधल्या घसरणीशी ते जुळत होते, पण त्याने फार तर पावणेतीन अंशांचा उलगडा होत होता.

बाकीचे अंश कुठे गेले हे एका ओल्या फडक्याने दाखवले. प्रोबची स्वतःची तार जेमतेम एक मीटर लांब होती. ती ड्रमच्या सांगाड्यावर बसवलेल्या चिनी मातीच्या कनेक्टरपाशी संपत होती आणि तिथून भिंतीवरच्या पेटीपर्यंत साधी तांब्याची तार होती. थर्मोकपलचे थंड टोक म्हणजे तांबे जिथे सुरू होते ती जागा. तो कनेक्टर हाताला चटका देईल इतका तापला होता, आणि एलएम35 मात्र पंख्याच्या वाऱ्यात, पेटीत बसून तिथले तापमान इमाने इतबारे मोजत होता. प्रोबला हात न लावता कनेक्टरवर ओले फडके धरले, तर आकडा भराभर वर जाऊ लागला. फडके काढले की हळूहळू उतरू लागला. शंकेला जागाच उरली नाही.

उपाय दोन होते: पेटीपर्यंत के प्रकाराचीच विस्तार तार ओढणे, किंवा एलएम35 कनेक्टरपाशी नेणे. मी दुसरा निवडला, कारण तो स्वस्त होता. एलएम35 कनेक्टरला चिकटवून अरलडाइटने पक्का केला आणि त्याच्या आउटपुटला, त्याच्याजवळच, 2 किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत लावला. लांब केबलच्या कपॅसिटन्समुळे एलएम35 डोलू लागतो, त्याला हा बंदोबस्त आहे.

उरलेल्या घसरणीसाठी एलएम358 ला निरोप देऊन ओपी07 हा अधिक अचूक ऑपअ‍ॅम्प बसवला. त्याचा ऑफसेट काही दशक मायक्रोव्होल्टांचा असतो आणि तापमानाबरोबरची घसरण एलएम358 च्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. पण तो एका 5 व्होल्टच्या पुरवठ्यावर शून्यापर्यंत चालत नाही. त्याला धन आणि ऋण असे दोन पुरवठे लागतात. त्यासाठी 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या वापरल्या. तार तुटली तर त्याचे आउटपुट 5 व्होल्टच्या पलीकडे किंवा शून्याखाली जाईल, म्हणून आर्डुइनोच्या पिनच्या आधी 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि जादा व्होल्टेज अडवणारे दोन शॉट्की डायोड लावले. पाय 1 आणि 8 मधल्या 20 किलोओहमच्या ट्रिमपॉटने (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरने) शून्य मुद्दाम 20 मिलिव्होल्टवर ठेवले आणि तेवढे कोडमध्ये वजा केले, म्हणजे लहानशी ऋण चूकही कापली न जाता दिसते.

जुळणीसाठी बर्फाचे पाणी या सर्किटात चालत नाही, कारण टोक कनेक्टरपेक्षा थंड झाले की आउटपुट ऋण होते आणि एडीसीला ते दिसत नाही. म्हणून पहिला बिंदू म्हणून प्रोब कनेक्टरलाच बांधून ठेवला. तेव्हा आकडा एलएम35 शी जुळायला हवा आणि तो जुळला. दुसरा बिंदू उकळत्या पाण्याचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी शंभरावर नव्हे, साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. शंभर धरून गेन फिरवला असता तर दीड अंशाची चूक कायमची आत शिरली असती. डिस्प्लेवर 97 येत होते. आर्डुइनोच्या एरेफ (संदर्भ व्होल्टेजच्या) पिनवर मल्टिमीटर लावल्यावर संदर्भ 1.1 ऐवजी 1.12 व्होल्टच्या जवळ निघाला. चिपगणिक हा 1.0 ते 1.2 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. खरा आकडा कोडमध्ये घातला आणि 98 पूर्णांक काहीतरी मिळाले.

सध्या यंत्र दिवसभर चालते आणि सकाळ-दुपारच्या घाण्यांतला फरक एक-दोन अंशांत राहतो. मावशीने स्वतःच्या अंदाजाने एक आकडा ठरवून भिंतीवर खडूने लिहिला आहे. तो 160 च्या थोडा खाली आहे, कारण गॅस बंद केल्यावरही गरम ड्रममध्ये दाणे काही वेळ भाजतच राहतात. बॅटऱ्यांना मात्र एक स्विच लावावा लागला, आणि पुरवठा 7 व्होल्टखाली गेला की डिस्प्लेवर तशी सूचना येण्याची सोय मी पुढच्या खेपेस करणार आहे.