अनेक सबनेट, एकच डीएचसीपी सर्व्हर: तुम्ही विचारलंत म्हणून
‘चार सबनेट आहेत, तर चार डीएचसीपी सर्व्हर लावायचे का? निदान सर्व्हरला चार नेटवर्क कार्डं तरी हवीत ना?’ हे मला नेहमी विचारलं जातं. डीएचसीपी सर्व्हर म्हणजे मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणारा सर्व्हर, आणि सबनेट म्हणजे नेटवर्कमधला पत्त्यांचा एक वेगळा गट. दोन्हींची गरज नाही. एक सर्व्हर आणि एक कार्ड पुरतं. मात्र सर्व्हरच्या फाइलमध्ये चार सबनेट लिहिले की काम संपलं, असं समजू नका. निम्मं काम राउटरवर असतं आणि अडचणी बहुधा तिथेच निघतात.

नव्याने जोडलेल्या मशीनकडे स्वतःचा पत्ता नसतो, म्हणून ते डिस्कव्हर संदेश (‘पत्ता द्या’ ही विनंती) ब्रॉडकास्ट करतं, म्हणजे आसपासच्या सगळ्यांना पाठवतं. ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. म्हणून प्रत्येक व्हीलॅनच्या (स्विचवर आखलेल्या वेगळ्या जाळ्याच्या) गेटवेवर, म्हणजे त्या जाळ्यातून बाहेर नेणाऱ्या राउटरवर, रिले (संदेश पुढे पोहोचवणारी सोय) चालू करावा लागतो. सिस्कोवर त्यासाठी ‘आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस’ ही आज्ञा आहे. ती क्लायंट (पत्ता मागणारी मशीनं) असलेल्या व्हीलॅनच्या इंटरफेसवर द्यायची, सर्व्हरकडच्या इंटरफेसवर नाही. रिले तो संदेश थेट सर्व्हरला पाठवतो आणि त्यातल्या ‘गिअ‍ॅडर’ रकान्यात आपल्या इंटरफेसचा पत्ता भरतो. तो पत्ता कोणत्या सबनेटमध्ये बसतो हे पाहून सर्व्हर पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, निवडतो. रकाना शून्य असेल, तर संदेश ज्या कार्डावर आला त्या कार्डाचा सबनेट धरला जातो. एवढं पक्कं कळलं की पुढच्या जवळजवळ प्रत्येक बिघाडाचा माग काढता येतो.

समजा, सर्व्हर १०.०.५.१० वर आहे, कर्मचारी १०.०.१०.०/२४ मध्ये, फोन १०.०.२०.०/२४ मध्ये आणि पाहुण्यांचं वाय-फाय १०.०.३०.०/२३ मध्ये. नवी मांडणी करत असाल तर किआ हा डीएचसीपी सर्व्हर घ्या. आयएससी या संस्थेच्या डीएचसीपीडी या जुन्या सर्व्हरची देखभाल २०२२ मध्ये थांबली. किआमध्ये प्रत्येक सबनेटला स्वतःचा क्रमांक द्या आणि नंतर तो बदलू नका, कारण लीजची (पत्ता ठराविक मुदतीसाठी दिल्याची) नोंद त्या क्रमांकाशी बांधलेली असते. पूल १०.०.१०.५० ते १०.०.१०.२४० असा ठेवला, तर गेटवे आणि प्रिंटर यांच्यासाठी सुरुवातीचे पत्ते मोकळे राहतात. डीएनएस (नावांवरून पत्ते शोधून देणारा सर्व्हर) सगळ्यांसाठी एकदाच वर, फाइलच्या सामाईक भागात, लिहिला तरी चालतो, पण गेटवे ज्याच्या त्याच्या सबनेटमध्येच लिहा. तो वर लिहिला आणि खाली बदलला नाही, तर सगळ्यांना एकच गेटवे जातो. पत्ता मिळतो, शेजारचं मशीन पिंग होतं, बाहेर मात्र काहीच पोहोचत नाही.

अजून जुनाच डीएचसीपीडी चालवत असाल, तर सर्व्हर ज्या सबनेटमध्ये बसला आहे त्याचीही घोषणा करा, पूल द्यायचा नसला तरी. नाहीतर त्या कार्डावर तो ऐकतच नाही, आणि तेच एकमेव कार्ड असेल तर सुरूच होत नाही. फाइलमधल्या ‘शेअर्ड-नेटवर्क’ या कंसाचं नाव पाहून पुष्कळ जण सगळे सबनेट त्यात कोंबतात. तो कंस एकाच व्हीलॅनवर दोन सबनेट चालत असतील तेव्हाचा आहे. वेगळी व्हीलॅनं त्यात घातली, की कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपला फोनचा पत्ता मिळू शकतो, कारण सर्व्हरच्या लेखी ते सगळं एकच जाळं झालेलं असतं.

परतीची वाट लोक विसरतात. सर्व्हरचं उत्तर ‘गिअ‍ॅडर’मधल्या पत्त्याला, यूडीपीच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टवर जातं. म्हणजे सर्व्हरकडे १०.०.३०.१ पर्यंतचा रूट हवा आणि मधल्या फायरवॉलने ते जाऊ द्यायला हवं. शिवाय निम्मी लीज संपली की क्लायंट नूतनीकरणासाठी रिलेला वगळून थेट सर्व्हरशी बोलतो. फायरवॉलवर फक्त रिलेचेच पत्ते उघडे असतील, तर पहिला पत्ता व्यवस्थित मिळतो आणि नूतनीकरण अडतं. लीज ८७.५ टक्के सरल्यावर क्लायंट पुन्हा ब्रॉडकास्ट करतो, रिलेमार्फत काम होतं आणि चूक झाकली जाते. त्यामुळे क्लायंटच्या सबनेटमधून सर्व्हरच्या ६७ पर्यंतची वाटही उघडाच.

स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (अनधिकृत डीएचसीपी सर्व्हरची उत्तरं अडवणारी सोय) असेल, तर सर्व्हरच्या दिशेचा पोर्ट ‘ट्रस्ट’ करा. सिस्कोचा स्विच संदेशात ऑप्शन ८२ (क्लायंट कुठल्या पोर्टवर आहे याची माहिती) घालतो, ‘गिअ‍ॅडर’ मात्र शून्यच राहतो, आणि असा संदेश पुढचा सिस्को रिले टाकून देतो. रिलेला त्यावर विश्वास ठेवायला सांगा किंवा स्विचवर ते घालणं बंद करा.

तपासताना सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरचे संदेश दाखवणारं साधन) लावून ६७ पोर्ट पाहा. काहीच येत नसेल, तर रिले आणि स्विच तपासा. संदेश येतो पण डीएचसीपीडीच्या लॉगमध्ये ‘अननोन नेटवर्क सेगमेंट’ दिसतं, तर तो ‘गिअ‍ॅडर’ तुमच्या कुठल्याच सबनेटमध्ये बसत नाही. अनेकदा मास्क चुकलेला असतो. ऑफर (सर्व्हरने पत्ता देऊ करणारा संदेश) निघते पण क्लायंटला मिळत नाही, तर परतीचा रूट बघा. ‘नो फ्री लीजेस’ दिसलं तर पूल संपला आहे. हे पाहुण्यांच्या वाय-फायवर लवकर होतं, कारण फोन निघून गेला तरी लीज संपेपर्यंत त्याचा पत्ता अडकून राहतो. तिथे लीज ३६०० सेकंदांची ठेवा. कर्मचाऱ्यांना आठ तासांची चालते.