तुम्ही विचारलंत म्हणून: ऑब्जेक्टमध्ये आहे, मग एक्सएमएलमध्ये का नाही?

डॉट नेटवर (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्मवर) काम करणारी नवी मंडळी मला हा प्रश्न हमखास विचारतात. ऑब्जेक्ट व्यवस्थित भरलेला असतो, डीबगरमध्ये (चालत्या प्रोग्रामच्या आत डोकावणाऱ्या साधनात) सगळ्या किमती दिसत असतात, आणि त्याचं एक्सएमएल, म्हणजे टॅगांत मांडलेली माहिती, काढलं की त्यातली दोन-चार एलिमेंट्स (टॅगांतल्या नोंदी) गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही. कोड चालला म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि पलीकडच्या सिस्टिमने फाइल परत पाठवल्यावर शोधाशोध सुरू होते.

माझं उत्तर ठरलेलं आहे: ऑब्जेक्टकडे बघणं थांबवा, क्लास, म्हणजे त्या ऑब्जेक्टचा आराखडा, उघडा. डीबगर तुम्हाला प्रायव्हेट फील्डसकट सगळं दाखवतो. ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारा एक्सएमएल सिरियलायझर मात्र क्लासची जाहीर बाजू तेवढी वाचतो. पब्लिक फील्ड आणि गेट-सेट (वाचायची आणि लिहायची सोय) दोन्ही पब्लिक असलेली प्रॉपर्टी त्याच्या हिशेबात येते. प्रायव्हेट फील्ड किंवा नुसती गेट असलेली साधी प्रॉपर्टी तो मुकाट्याने सोडून देतो. (लिस्ट याला अपवाद आहे. तिला सेट नसला तरी चालतं, कारण वाचताना आहे त्याच लिस्टमध्ये भर घालता येते.) नल, म्हणजे किंमतच नसलेली, स्ट्रिंगही (मजकूर) तो वगळतो. रिकामी स्ट्रिंग मात्र रिकाम्या टॅगसह उतरते, आणि ‘माहिती नाही’ व ‘माहिती रिकामी आहे’ हा फरक समोरच्याला कळायला हवा असेल तर तो आधी ठरवूनच घ्यावा लागतो.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. खरी दमछाक होते ती पुढच्या प्रकरणात.

समजा एक्सएसडीवरून, म्हणजे एक्सएमएलची रचना सांगणाऱ्या स्कीमावरून, टूलने क्लास तयार करून दिला आहे. स्कीमात ‘वजन’ हे दशांश संख्येचं एलिमेंट ऐच्छिक आहे. तुम्ही वजनात 12.5 भरलंत. डीबगरमध्ये 12.5 दिसतं, प्रॉपर्टी पब्लिक आहे, गेट-सेट आहेत. तरी एक्सएमएलमध्ये वजनाचा पत्ता नाही. आता तो तयार झालेला क्लास नीट वाचा. वजनाच्या शेजारी त्याच नावाला शेवटी ‘स्पेसिफाइड’ जोडलेली एक बूलियन (ट्रू किंवा फॉल्स एवढंच घेणारी) प्रॉपर्टी सापडेल. दशांश संख्येला नल होता येत नाही. मग ‘किंमत दिलेलीच नाही’ हे कळवायचं कसं? त्यासाठी हा वेगळा फ्लॅग. त्याची मूळ किंमत फॉल्स असते, आणि तो फॉल्स असेपर्यंत तुम्ही वजनात काहीही भरा, सिरियलायझर ते एलिमेंट लिहीत नाही. किंमत भरताना फ्लॅगही ट्रू करा, वजन लगेच उतरेल.

हे ओळखायची खूणही पक्की आहे. मजकुराची सगळी एलिमेंट्स आली आणि गेलेली सगळी आकडे, तारखा किंवा बूलियन असतील, तर आधी हा फ्लॅग बघा. स्ट्रिंगला नल चालतो, म्हणून तिला या फ्लॅगची गरजच पडत नाही. आणि स्वतः लिहिलेल्या क्लासमध्ये सहज म्हणून असं नाव एखाद्या बूलियनला दिलंत, तरी हाच नियम लागू होतो.

त्याचंच भावंड म्हणजे ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ हे अॅट्रिब्यूट (कोडमध्ये प्रॉपर्टीवर लावायची खूण). पुष्कळांची समजूत असते की ते लावलं की किंमत आपोआप भरली जाते. ते काहीही भरत नाही. प्रॉपर्टीची किंमत त्या डिफॉल्टइतकीच असेल तर एलिमेंट लिहायचं नाही, एवढंच सिरियलायझर त्यावरून समजतो. शून्य हे डिफॉल्ट दिलं असेल तर खरंखुरं शून्यही फाइलमध्ये जात नाही. शिल्लक शून्य असणं हीच बातमी असते अशा ठिकाणी हे फार महागात पडतं.

एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत ‘यूटीएफ-16’ (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) का येतं, हेही विचारलं जातं. स्ट्रिंग रायटरमधून एक्सएमएल काढलं की असं होतं, कारण डॉट नेटची स्ट्रिंग आतून यूटीएफ-16च असते. तो मजकूर पुढे यूटीएफ-8 फाइलमध्ये लिहिला की पहिली ओळ एक सांगते आणि बाइट्स दुसरंच. नुसता शब्द बदलून डागडुजी करू नका. हवं ते एन्कोडिंग सेट करून थेट स्ट्रीममध्ये लिहा.

एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम थांबवून कळवलेली चूक, आलं तर मी उलट खूश होतो. फक्त वरचा ‘डॉक्युमेंट तयार करताना चूक झाली’ असा मोघम निरोप वाचून थांबू नका. आतलं, म्हणजे इनर एक्सेप्शन उघडा, तिथे नेमका टाइप लिहिलेला असतो. बेस क्लासच्या लिस्टमध्ये डिराइव्ह्ड (त्या क्लासवरून बनवलेल्या क्लासचा) ऑब्जेक्ट घातला आणि त्याची ओळख देणारं ‘एक्सएमएल इन्क्लूड’ लावलं नाही, हे तिथे हमखास सापडणारं कारण.

जावावाल्यांनाही माझं हेच सांगणं आहे, तपशील तेवढे वेगळे. जॅक्सबी, म्हणजे जावातली एक्सएमएल करणारी लायब्ररी, मुळात पब्लिक गेटर-सेटरच्या जोड्या आणि पब्लिक फील्ड्स बघतं. गेटर-सेटर असलेल्या फील्डवर अॅनोटेशन (जावातलं अॅट्रिब्यूट) लावलं आणि अॅक्सेसर टाइप (फील्ड बघायचं की गेटर, हे ठरवणारी सेटिंग) बदलला नाही, तर एकाच नावाच्या दोन प्रॉपर्टी असल्याची तक्रार येते. निदान जॅक्सबी चूक बोलून दाखवतं. जावा 11पासून जॅक्सबी मूळ संचात नाही, ती लायब्ररी वेगळी जोडावी लागते.

एक सवय मात्र मी आग्रहाने लावतो: काढलेलं एक्सएमएल लगेच परत वाचा आणि दोन्ही ऑब्जेक्ट ताडून बघा. कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) लिस्टला दोन मूळ नोंदी घालून ठेवल्या असतील, तर परत वाचल्यावर त्या चार होतात, कारण आधी कन्स्ट्रक्टर चालतो आणि फाइलमधल्या नोंदी त्याच लिस्टमध्ये मागून जोडल्या जातात. मजकुरात एखादं न दिसणारं कंट्रोल कॅरेक्टर घुसलं असेल, तर लिहिताना कधी कधी काहीच कुरकुर होत नाही, वाचताना मात्र पार्सर अडतो. एक्सएमएल 1.0 मध्ये टॅब आणि ओळ बदलणारी दोन चिन्हं सोडली, तर 32 च्या खालच्या क्रमांकाचं कुठलंच कॅरेक्टर चालत नाही. नुसती बाहेर पडलेली फाइल वरवर चाळून यातलं एकही सहसा नजरेत भरत नाही.

आणि एवढं करूनही अडलात, तर मला ऑब्जेक्ट भरणारा कोड पाठवू नका. क्लासचं डिक्लेरेशन त्याच्या अॅट्रिब्यूट्ससकट पाठवा, सोबत साध्या एडिटरमध्ये उघडलेली मूळ फाइल.