ठाण्यातली दहा जणांची दुपार

स्टिक पिशवीत मावत नाही, म्हणून ती हातातच धरून नेरुळला गाडीत चढले. ४ ऑगस्ट २०२४, रविवार. दुपारी दीडला पॅरिसमध्ये भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन, ऑलिम्पिक हॉकीची क्वार्टर फायनल. आदल्या रात्री नौपाड्याहून मामाचा फोन आला होता. "उद्या मॅच बघायला इकडेच ये. आणि माझी स्टिक घेऊन ये."

स्टिक मामाचीच, पण शाळेत असताना मी ती मागून घेतली आणि ती माझ्याकडेच राहिली. तुतीच्या लाकडाची, जालंधरची. मुठीवरची पट्टी कितीदा तरी बदलली असेल, खालच्या वळणाला मात्र मामाच्या काळातलीच दोऱ्याची गुंडाळी आहे. हल्लीच्या स्टिक कार्बन फायबरच्या असतात. त्या हातात घेतल्या की हलक्या वाटतात आणि लाकडाचा तो वास येत नाही.

महिलांच्या डब्यात समोर एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बसल्या होत्या. मुलगी स्टिककडे टक लावून बघत होती, म्हणून मी तिच्या हातात दिली. तिने ती बॅटसारखी उभी धरली. मी वाकून तिचा डावा हात वर आणि उजवा खाली करून दिला. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली गेलं, तरी तिने स्टिक सोडली नाही. बाहेर पारसिकच्या डोंगरावर ढग टेकले होते आणि पाऊस तिरका येत होता. ऐरोलीला उतरताना तिने विचारलं, "हे कुठे शिकवतात?" मला पटकन उत्तर देता आलं नाही, आणि ते दिवसभर मनात राहिलं.

ठाण्याला दहा नंबरवर उतरून पूल ओलांडला, सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाखालून बाहेर पडले आणि गोखले रोडने चालत सुटले. वाटेत गरम बटाटेवडे बांधून घेतले. ठाण्याच्या पावसात हातात वड्याचा पुडा नसेल तर मामाकडे जाण्यात अर्थ नाही.

मामा आता चौऱ्याहत्तरचा आहे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी केली आणि कारखान्याच्या संघातून फुलबॅक, म्हणजे गोलसमोरचा बचावपटू म्हणून खेळला. शिफ्ट संपली की ठाण्याहून दादर, दादरहून चर्चगेट, तिथल्या हॉकी स्टेडियमवर मॅच खेळायची किंवा बघायची आणि शेवटच्या गाडीने परत. समोरचे दोन दात तेव्हाच गेले. उजव्या नडगीवर बोटभर लांबीचा खळगा आहे. लहानपणी आम्ही भाचरं त्यात बोट घालून बघायचो. "बॉल किती जोरात लागला रे?" असं विचारलं की मामा कपाटातून तो जुना पांढरा चामड्याचा बॉल काढून आमच्या हातात ठेवायचा. हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या बॉलइतकाच जड. आणि हॉकीत सगळा वेळ पॅड बांधून उभा राहतो तो एकटा गोलकीपर.

मी पोहोचले तेव्हा मामाचे दोन दोस्त आधीच येऊन बसले होते. एक चरईतले अंकल, एकेकाळचे राइट आउट, म्हणजे उजव्या कडेचे आघाडीचे खेळाडू. दुसरे काका खेळले कधीच नाहीत, पण १९८२चा वर्ल्ड कप मुंबईत झाला तेव्हा भारताची एकही मॅच त्यांनी चुकवली नाही. पाकिस्तान जिंकला, आपण पाचवे आलो. ते सांगताना काकांचा आवाज अजूनही पडतो.

ही तिघं जुन्या मॅच गोलांवरून लक्षात ठेवत नाहीत, दुखापतींवरून ठेवतात. मेलबर्न १९५६ म्हटलं की बलबीरसिंग सीनियरचं बोट. मोडलेल्या बोटानिशी तो पाकिस्तानविरुद्ध फायनल खेळला आणि आपण १-० जिंकलो. शंकर लक्ष्मण म्हटलं की त्याचा उघडा चेहरा. १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिम्पिक त्याने गोलमध्ये उभं राहून काढली, पायाला पॅड, हातात ग्लोव्ह्ज आणि तोंडासमोर काही नाही. "पेनल्टी कॉर्नरचा फटका यायचा आणि हा डोळे मिटायचा नाही," अंकल म्हणाले. पेनल्टी कॉर्नर म्हणजे गोलजवळच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारा गोलवर फटका मारायचा मोका. १९६६ साली त्याच्याच कप्तानीत आपण बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकलो. पुढचं सुवर्ण थेट १९९८ला, पुन्हा बँकॉकलाच, आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेच्या कप्तानीत. बत्तीस वर्षं! हा आकडा मामाने बोटं मोजल्यासारखा सावकाश उच्चारला.

आणि मग १९७५. क्वालालंपूरचा वर्ल्ड कप. मलेशियाविरुद्धची सेमीफायनल मामाने ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकली, ही स्टिक मांडीवर आडवी ठेवून. आपण १-२ मागे. अस्लम शेर खान बदली खेळाडू म्हणून आत येतो, गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतो आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधतो. जादा वेळेत हरचरणसिंगचा गोल. १५ मार्चला फायनलमध्ये पाकिस्तानविरुद्ध सुरजितसिंग आणि अशोककुमार, २-१. त्या दिवशीही स्टिक मांडीवर होती. १९८०ला मॉस्कोत स्पेनला ४-३ हरवून आपलं शेवटचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं तेव्हाही होती.

"पुढे मी ती तुला दिली," मामा म्हणाला, "आणि बघ काय झालं."

तो हे मनापासून म्हणाला. मलाही वाईट वाटलं.

जेवणं होईपर्यंत नेहमीचा वाद निघाला. जुन्या लोकांचं म्हणणं, हॉकी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर गेली तिथेच आपली हॉकी संपली. १९७६चं मॉन्ट्रियल हे कृत्रिम टर्फवरचं पहिलं ऑलिम्पिक, आणि आपण सातवे. त्यात तथ्य आहे. मुरुमाच्या मैदानावर एका स्टिकवर चार मुलं शिकायची. मामा तसाच शिकला. टर्फ घालायला कोटी लागतात, वर त्याला पाणी पाजायचं. सकाळच्या त्या मुलीला मी काय सांगणार होते? पण "आताची पोरं नाजूक आहेत, हेल्मेट घालून खेळतात," हे काकांचं वाक्य मला मान्य नाही, आणि मी ते तिथेच बोलून दाखवलं. पेनल्टी कॉर्नरला गोलकीपर धरून पाच जण गोलरेषेमागे उभे असतात. बॉल आत आला की पहिला धावणारा, ज्याला फर्स्ट रशर म्हणतात, सरळ ड्रॅग-फ्लिकरच्या, म्हणजे बॉल स्टिकने ओढून गोलवर फेकणाऱ्याच्या अंगावर धावत जातो. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा फटका ज्या रेषेत येणार, त्याच रेषेत. चेहऱ्यावर मुखवटा आणि गुडघ्याला पॅड असतो, बाकी बरंचसं अंग उघडं. आपल्याकडे तेव्हा हे काम अमित रोहिदास करायचा.

दीड वाजला. आणि सतराव्या मिनिटाला त्याच रोहिदासला रेड कार्ड. त्याची स्टिक ब्रिटनच्या कॅल्ननच्या डोक्याला लागली होती. तिघंही एकदम उठले. "मुद्दाम नव्हतं रे, मुद्दाम नव्हतं," अंकल टीव्हीला समजावत राहिले. निर्णय बदलला नाही. पुढची ४३ मिनिटं दहा जणांनी खेळायची होती, आणि फर्स्ट रशरच बाहेर.

मामा पुन्हा बसलाच नाही. बाविसाव्या मिनिटाला हरमनप्रीतने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला, तेव्हाही उभा. पाच मिनिटांनी ब्रिटनने बरोबरी केली, तेव्हाही. हाफटाइमला मामी चहा घेऊन आली, तो त्याने उभ्यानेच घेतला. दुसऱ्या अर्धात बॉल जवळजवळ आपल्याच बाजूला होता. ब्रिटनला कॉर्नर मिळाला की रोहिदासच्या जागी दुसरा कोणीतरी मुखवटा चढवायचा आणि पळत सुटायचा. काका आधी पुटपुटत होते, मग गप्प झाले. एका कॉर्नरनंतर हळूच म्हणाले, "हा धावला बघ कसा." थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुढे प्रत्येक कॉर्नरला ते धावणाऱ्याकडेच बघत होते, बॉलकडे नाही.

फुलबॅकला जे दिसतं ते मला दिसत नाही. मामा मध्येच म्हणायचा, "डावीकडे सरक, सरक," आणि पडद्यावरचा खेळाडू पुढच्या क्षणी सरकायचा. मामाच्या अंगात ती जागा अजून आहे. एकदा एक फटका आपल्या खेळाडूच्या पायावर बसला, आणि मामाचा हात आपोआप स्वतःच्या नडगीकडे गेला.

१-१. शूटआउट. मामाने माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. मी स्टिक दिली. तेव्हा कुठे तो खुर्चीवर टेकला आणि त्याने ती मांडीवर आडवी ठेवली. हरमनप्रीत, सुखजीत, ललित असे आपले पहिले तिन्ही आत गेले. ब्रिटनचा तिसरा फटका गोलवरून गेला, चौथा आपला गोलकीपर श्रीजेश याने अडवला. राजकुमार पालने चौथा मारला आणि ४-२. श्रीजेशची ही शेवटची स्पर्धा होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. अंकल रडत होते. मामा कितीतरी वेळ स्टिकच्या वळणावरून अंगठा फिरवत राहिला.

पाऊस थोडा उघडला तसे आम्ही मासुंदा तलावावर गेलो. कठड्याला टेकून गरम कणीस खाता खाता काकांनी सगळे कॉर्नर पुन्हा एकदा सांगितले. १९७५चं नाव त्या संध्याकाळी पुन्हा निघालं नाही. सहाच्या सुमारास मी स्टेशनकडे निघाले, तेव्हा स्टिक मागितली.

"राहू दे," मामा म्हणाला. "मंगळवारी सेमीफायनल आहे."

रोहिदासला बंदीमुळे ती सेमीफायनल खेळता आली नाही. जर्मनीकडून आपण ३-२ने हरलो. गुरुवारी, ८ ऑगस्टला, स्पेनला २-१ हरवून ब्राँझ मिळवलं. टोकियोपाठोपाठ दुसरं. १९६८ आणि १९७२नंतर लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये पदकं आता मिळाली. स्टिक अजून नौपाड्यातच आहे, दारामागे, छत्र्यांच्या शेजारी. गेल्या महिन्यात गेले तर मुठीवर नवी पट्टी होती, आणि मामा विचारत होता की त्या गाडीतल्या मुलीचा पत्ता मी का घेतला नाही.